स्टुडिओ बुक करायच्या आधी

आठही गाणी ऐकली गं. एकदा कामं करता करता आणि एकदा सगळं बाजूला ठेवून. चांगली आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुझं तोंड उतरेल आणि 'ताईला आवडलीच नाहीत' म्हणून आईकडे तक्रार जाईल. आवडलीत. तिसऱ्या गाण्याची चाल तर पोळ्या लाटताना माझ्या तोंडी बसली होती, आणि मी किती खडूस आहे ते तुला ठाऊक आहे.

पण पुढच्या महिन्यात स्टुडिओ घेतेयस आणि 'बाकीचं तिथे गेल्यावर बघू' म्हणालीस, तिथे मी थबकले. अगं, तिथे काही बघायचं नसतं. स्टुडिओ तासाचे पैसे घेतो, तबलजी गाण्याचे. तुझं अजून ठरत नाहीये याच्याशी दोघांनाही देणंघेणं नाही, आणि नसावंच. घरात डोकं खाजवायला पैसे पडत नाहीत. तेव्हा खोडायचं, भांडायचं, रडायचं ते सगळं इथे. तिथे जाऊन फक्त गायचं.

आधी पट्टी. तुझी बहुतेक गाणी रात्री अकरानंतर झालेली आहेत हे कळायला ज्योतिषी नको. पलीकडे रूममेट झोपलेल्या, तारांवर हात अलगद, आवाज ओठांतल्या ओठांत. अशा वेळी पट्टी आपोआप खाली येते. फोनवर ते गोड वाटतं. माइकसमोर मात्र मुखड्यातले खालचे स्वर नुसती हवा होऊन येतात आणि शब्द बुडतात. एखाद्या सकाळी तळजाईच्या टेकडीवर जा, उभी राहा आणि एकेक गाणं मोकळ्या गळ्यानं गाऊन बघ. अर्धा स्वर वर, एक स्वर वर, दीड. मुखडाही भरतोय आणि अंतऱ्यातला वरचा स्वर ओरडल्यासारखाही होत नाही, अशी जागा सापडेल. ती वहीत लिही. 'साधारण काळी दोन' असं नको, नक्की काय ते लिही.

तुला हे क्षुल्लक वाटतं, कारण गिटारवर कॅपो सरकवला की काम झालं. तबल्याचं तसं नसतं. तबला फार तर अर्धा-एक स्वर चढतो-उतरतो. त्यापुढे दुसरा तबला लागतो, आणि तो तबलजींच्या घरी असतो. बासरीवाला निदान सगळ्या पट्ट्यांच्या बासऱ्या पिशवीत घालून येतो. आणि आजोबांची पेटी? ती तुला तिसऱ्या गाण्यात हवीच आहे, आणि हवीच, त्या आवाजाला तोड नाही. पण जुन्या पेट्यांचे सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला जुळतातच असं नाही. ती थोडी चढी निघाली तर गिटारपासून बेसपर्यंत सगळं तिच्याशी जुळवून घ्यावं लागेल, नाहीतर पेटी सुरात लावायला द्यावी लागेल. आत्ता कळलं तर दुरुस्तीवाल्याकडे एक हेलपाटा. रेकॉर्डिंगच्या दिवशी कळलं तर चार माणसं चहा पीत बसणार आणि घड्याळ तुझ्या नावावर फिरणार.

पट्टीच्या शेजारी लय लिही, मेट्रोनोमवर मोजून, आकड्यात. उत्साहात प्रत्येक जण पळतो. बहुतेक गाण्यांना क्लिक लागेल, कारण वादक वेगवेगळ्या दिवशी येणार. पाचव्याला लावू नकोस. ते ओवीसारखं श्वासावर चालतं. ओळीच्या शेवटी तू जराशी रेंगाळतेस, तेच त्या गाण्याचं सौंदर्य आहे. तिथे गिटार आणि गळा एकत्र, एका दमात घे. थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालेल.

आता शब्दांबद्दल, रागावू नकोस. तू मध्यमापर्यंत गाणं शिकलीस, सुरात कच्ची नाहीस. पण 'जरा' आणि 'जवळ'मधला ज तू सरसकट हिंदीतला म्हणतेस. हिंदी गाणी गात वाढलेल्या तुमच्या सगळ्यांची ही खोड. बोलताना बरोबर बोलतेस, गायला लागलीस की जीभ वळते. मराठी कानाला तेवढ्यानं गाणं परकं वाटतं, आणि काय खटकलं ते ऐकणाऱ्याला सांगताही येत नाही. दुसरं म्हणजे सहाव्या गाण्यात सगळ्यात उंच स्वरावर तू ईकारान्त शब्द ठेवलायस. वरच्या सुरात 'ई'ला गळा आवळतो, 'आ'ला मोकळा होतो. एक शब्द बदल, अर्थ तसाच राहू दे. आणि जिथे चाल जलद आहे तिथली जोडाक्षरं कमी कर. एक सोपी परीक्षा सांगते: ज्यानं शब्द वाचलेले नाहीत अशा कुणाला गाणं ऐकव आणि ऐकू आलेले शब्द लिहून काढायला सांग. त्याच्या कागदावर जे उतरलं असेल, ते तुझं खरं गाणं.

मला सांग, आठच का? कुणी नेमून दिलंय? बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून अल्बमला ते माप आलं. ते माप प्लास्टिकचं होतं, संगीताचं नव्हे. आज तुझ्यावर तसली सक्ती नाही. मला यातली सहा एका घरातली वाटतात. चौथं गाणं पाहुणं आहे. चांगलं आहे, पण पाहुणं. ते सिंगल म्हणून वेगळं काढ. वेगवेगळी गाणी एका घरातली कशी होतात ते कळायला 'शिवकल्याण राजा' हा अल्बम पुन्हा एकदा सलग ऐक. १९७४ सालचा, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा. रामदास, ब्रज भाषेतला भूषण, सावरकर, कुसुमाग्रज. शतकं निराळी, भाषासुद्धा निराळी. तरी हृदयनाथांनी ते सगळं एकाच श्वासाचं करून ठेवलंय आणि लताबाई ते एकाच माणसाच्या मनातलं असल्यासारखं गातात. विषय एक होता म्हणून हे आपोआप झालं असं समजू नकोस. कशामागून काय येतं ते ऐक.

आणि सहांबाहेरचं ते दुसरं गाणं, जे तू गाळायला तयारच होणार नाहीस: आरती प्रभूंची कविता. चाल सुंदर लावलीयस. पण आरती प्रभू, म्हणजे खानोलकर, १९७६ साली गेले. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. प्रकाशकाला आणि वारसांना पत्र लिही, लेखी परवानगी घे. मिळाली तर गाणं अल्बममध्ये, नाहीतर नुसतं मैत्रिणींना म्हणून दाखवायचं. कवितेवर चाल लावायची फारच हौस असेल तर बालकवी आहेत, केशवसुत आहेत, १९५६ साली गेलेले मर्ढेकरसुद्धा आता मोकळे झालेत. मर्ढेकरांना चाल लावून बघच. घाम फुटेल, पण शिकशील.

थोडं घरीही रेकॉर्ड करायचं म्हणतेस तर गळा घरी घे, ताल बाहेर घे. तबला-ढोलकीला चांगली खोली आणि चांगला माणूस लागतो. गळ्याला उघडं कपड्यांचं कपाट, मागे एक जाड रजई आणि शांतता पुरते. शांतता हेच महागडं प्रकरण आहे. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि नंतर आठवणीनं चालू), पहाटेची वेळ. पुण्यात राहतेस, तेव्हा गणपतीच्या आधीचे दोन महिने धरूच नकोस. ढोलपथकांचा सराव कुठल्याही रजईला ऐकत नाही. माइकला थेट तोंड लावू नकोस. आपल्या भाषेत भ, ध, फ, घ भरपूर, त्यांची हवा पडद्यावर आदळते. जरा तिरकं उभं राहा, मध्ये पॉप फिल्टर ठेव. आणि लेव्हल वर वर नेऊ नकोस. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करतेयस तर कमी आवाजात घेतलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

फोनवरचे कच्चे टेक पुसू नकोस हं. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ साली 'नेब्रास्का' काढला. न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्यानं नमुना म्हणून गाणी भरली होती. पुढे बँडबरोबर नीट करायची होती. बँडबरोबर केलीही, पण मजा येईना. शेवटी जी कॅसेट तो बिनडबीची खिशात घालून हिंडत होता, तीच प्रसिद्ध केली. तिच्यावरून तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले म्हणतात. आता यावरून तुझ्या फोनमधलं सगळंच 'नेब्रास्का' आहे असं मात्र समजू नकोस. पाचवं आहे कदाचित.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले, ते. तुझा मित्र म्हणतो, भाड्याचा स्टुडिओ कशाला, माझा आहे, पैसे नको, आपण मिळून करू. मुलगा चांगला आहे, मलाही आवडतो. म्हणूनच आत्ता लिहून ठेवा, मन चांगलं असताना. एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द-चाल तुझी. नोटेशन लिहिलेलं नसलं तरी संगीतकार तूच, कायदा कागदावरच्या स्वरलिपीची अट घालत नाही. पण ध्वनिमुद्रणाचा निर्माता कोण? ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो, असं कायदा म्हणतो. स्टुडिओ त्याचा, वादक त्यानं बोलावले, खर्च त्यानं केला आणि तू नुसती गायलीस, तर उद्या उत्तर सोपं राहणार नाही. आणि दोघांचंही म्हणणं खरं असेल, तीच पंचाईत. एक पान पुरे. शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचं, अरेंजमेंटचे त्याला एकरकमी द्यायचे की वाटा, नाव कुठे कसं येणार, फाइल्स कुणाकडे राहणार. दोघांच्या सह्या. तो दुखावला तर मला फोन करायला सांग.

एखादी कंपनी आलीच, तर सही करण्याआधी करार मला दाखव. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आधी शोधायचे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते दोन्ही शब्द ठळकपणे लिहून आणतात. एक गोष्ट मात्र तुझ्या हातून कुणी काढून घेऊ शकत नाही. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत झगडले. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कंपनीला सोडून देताच येत नाही. हौसेनं लिहून दिलं तरी नाही. पण तो वाटा चालत घरी येत नाही. रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची सभासद हो, गीतकार म्हणूनही आणि संगीतकार म्हणूनही, आणि प्रत्येक गाण्याची नोंद कर. कंटाळवाणं काम आहे. एका दुपारी बसून उरक.

मिक्सबद्दल फार बोलत नाही, तिथे तुझे कान तरुण आहेत. फक्त भारीतल्या हेडफोनवर निकाल देऊ नकोस. फोनच्या स्पीकरवर डग्गा गायब होतो. तो नसतानाही ठेका कळतो का बघ. आवाज मोठा कर म्हणून मास्टरिंगवाल्याच्या मागे लागू नकोस. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४ एलयूएफएस या आवाजाच्या पातळीवर आणून बसवतं, तू कितीही ओरडलीस तरी. आणि मिक्स पक्का झाला त्याच दिवशी गळ्याशिवायचा ट्रॅक आणि सगळे स्टेम्स, म्हणजे सुटे सुटे ट्रॅक, मागून घे, दोन वेगळ्या डिस्कवर ठेव. सहा महिन्यांनी कार्यक्रम मिळाला की आठवण होते, आणि तोवर त्या कॉम्प्युटरची सफाई झालेली असते.

पैशाचं गणित करत बसू नकोस. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले झालेले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही. तीस सेकंद ऐकलं तरच एक प्ले मोजला जातो, म्हणून 'तीस सेकंदांत मुखडा आणा' असं सांगणारे तुला रांगेनं भेटतील. इतर गाण्यांत त्यांचं ऐक, हरकत नाही. पाचव्याच्या सुरुवातीचा तो लांबलचक तानपुरा मात्र कापलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि मास्टर हातात येईपर्यंत तारीख जाहीर करायची नाही. जाहीर केलेल्या तारखेपायी लोक अर्धवट मिक्स सोडतात. प्रदर्शनाच्या किमान आठवडाभर आधी गाणं डिस्ट्रिब्यूटरमार्फत पोचलेलं असलं पाहिजे, तरच प्लेलिस्टसाठी पाठवता येतं. महिना ठेवलास तर जिवाला घोर नाही.

नोकरी सोडण्याचं आत्ता काढू नकोस. आईला मी सांभाळते, पण दोन्ही आघाड्यांवर एकदम नाही. हा अल्बम तुझ्या पगारावर होऊ दे, म्हणजे चौथं गाणं ठेवायचं की काढायचं हे तूच ठरवशील, पैसे लावणारा नाही.

रविवारी पेटी घेऊन ये, ट्यूनर लावून बघू. बसनं आणू नकोस, गर्दीत भात्याला धक्का लागेल. रिक्षा कर, भाड्याचं मी बघते.