हप्ता तोंड पाहून नव्हे, गल्ला पाहून ठरवा



कर्ज कोठे मिळेल हे सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतात. कर्ज वाईट आहे हे सांगणारेही कमी नाहीत. परंतु कर्ज डोक्यावर झाले, घेणेकऱ्यांशी बोलून हप्ते ठरले, त्यानंतरची तीन-चार वर्षे माणसाने कशी काढावीत, हे फारसे कोणी सांगत नाही. ही वर्षे आम्ही काढली आहेत, म्हणून आज हा विषय घेतला आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठीत चूकभूल झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची पहिली चूक

मालेगावात आमचा कोऱ्या कापडाचा व्यापार आहे. सूत उधारीवर घ्यायचे, मजुरीवर विणून घ्यायचे आणि कापड बाहेरगावच्या पार्ट्यांना द्यायचे, असा आमचा धंदा. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि जुलै २०१७ चा जीएसटी यांतून आम्ही कसेबसे सावरत होतो. तोच २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. माग बंद पडले, बाहेरगावचे पैसे अडकले, आणि देणे मात्र तसेच राहिले. त्या वर्षाच्या शेवटी हिशेब केला तेव्हा सूत व्यापारी हाजी साहेबांचे ४,२०,०००, बँकेचे २,८०,०००, मेहुण्यांचे १,५०,००० आणि हातउसने ९०,००० असे एकूण ९,४०,००० रुपयांचे देणे निघाले.

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही सर्वांना भेटलो. हाजी साहेबांनी विचारले, "भाई, महिन्याला किती जमेल?" आम्ही शरमेने खाली मान घालून बसलो होतो. लहान आकडा सांगितला तर इज्जत जाईल असे वाटले. म्हणून सर्वांचे मिळून दरमहा ३०,००० रुपये देण्याचा वायदा केला. दिवाळीच्या महिन्यात ५८,००० सुटले होते, तोच आकडा डोक्यात होता.

चार हप्ते दिले. पाचवा चुकला. दिलेल्या १,२०,००० पैकी ७०,००० आम्ही इकडून तिकडून नवे उसने घेऊन भरले होते. म्हणजे चार महिने जिवाचे रान करून देणे उतरले ते फक्त ५०,०००. त्यानंतर आम्ही तोंड चुकवू लागलो. फोन उचलणे बंद केले. जुम्याच्या नमाजला दुसऱ्या मशिदीत जाऊ लागलो, कारण आमच्या मशिदीत हाजी साहेब पहिल्या सफमध्ये असत.

सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनीच निरोप पाठवून बोलावले. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "मला मोठा हप्ता नको होता. तुम्ही दिलेल्या तारखेवर मी सूतगिरणीला तारीख दिली होती. तुमची तारीख खोटी ठरली तेव्हा माझीही खोटी ठरली."

त्या दिवशी आम्हाला कळले की घेणेकऱ्याला आकड्यापेक्षा भरवसा जास्त हवा असतो. त्याचाही गाडा आपल्या शब्दावर चालतो. जो हप्ता पाळता येत नाही तो सांगणे म्हणजे नम्रता नव्हे, ती पुन्हा एकदा केलेली उधारीच आहे.

हप्ता कसा काढावा

दुसऱ्या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. मागील बारा महिन्यांची मिळकत महिन्यावार लिहिली. त्यातील सर्वात मंदीचा महिना शोधला. त्या महिन्यात सर्व धंदाखर्च जाऊन ४१,००० सुटले होते. घरखर्च काटकसरीने २२,००० धरला. उरले १९,०००. त्यातून ३,००० अडीअडचणीसाठी बाजूला काढले. राहिले १६,०००. तोच हप्ता.

हप्ता नेहमी मंदीच्या महिन्यावर बांधावा, हंगामावर नव्हे. ईद आणि दिवाळीच्या हंगामात जास्त सुटले तर जास्त द्यावे, मात्र त्याचा वायदा करू नये. वायद्यापेक्षा जास्त देणाऱ्याची पत वाढते. वायद्यापेक्षा कमी देणाऱ्याची तेवढ्याच रकमेत पत जाते. ज्या कारागिराला मजुरी आठवड्याला मिळते त्याने हप्ताही आठवड्याचाच ठरवावा. महिनाभर पैसा हातात टिकत नाही, हे आपण सर्वच जाणतो.

अडचणीचे ३,००० पाहून काही जण म्हणतील, "कर्ज असताना शिल्लक कशाला? तेही देऊन टाका." आमचा अनुभव उलट आहे. हे पैसे आम्ही घरात एका डब्यात ठेवत होतो आणि डबा मुलांच्या आईच्या ताब्यात होता. जुलै २०२२ मध्ये आमच्या वालिदा आजारी पडल्या. दवाखान्याचे २८,००० झाले. ते सर्व त्या डब्यातून गेले. डबा नसता तर पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागले असते आणि त्या महिन्याचा हप्ताही चुकला असता.

आधी कोणाचे द्यावे?

पहिल्या वेळी जो जास्त ओरडत होता त्याला आम्ही आधी देत होतो. बहुतेक जण असेच करतात. परंतु हातउसन्यामध्ये एका मागकामगाराचे ३५,००० रुपये होते. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे आम्ही आमच्या गरजेला त्याच्याकडून मागून घेतले होते. त्याने एकदाही तगादा लावला नाही. त्याला आमच्याकडूनच काम मिळत होते, तो बोलणार कसा? म्हणून त्याचे देणे यादीत सर्वात खाली गेले होते.

बंधूंनो, जो सर्वात कमी बोलतो तो बहुधा सर्वात जास्त गरजू असतो. दुसऱ्या वेळी आम्ही १६,००० ची वाटणी अशी केली: बँकेला ६,०००, त्या कामगाराला ५,०००, हाजी साहेबांना ४,००० आणि बाकीच्या किरकोळ देण्यांना १,०००. मेहुण्यांनी स्वतःहून शेवटी घेण्याचे कबूल केले. सात महिन्यांत कामगाराचे सर्व पैसे फिटले. २०२२ च्या रमजान ईदनंतर त्याच्या मुलीचे लग्न झाले. ते पैसे पोहोचले नसते तर त्या लग्नात आम्ही कोणत्या तोंडाने जेवलो असतो?

त्याचे फिटल्यावर ते ५,००० हाजी साहेबांच्या हप्त्यात मिळवले. बँकेचे कर्ज व्याजाचे होते. ते घेतले ही आमची चूकच होती. म्हणून हंगामातील जादा पैसा प्रथम तिकडे वळवला.

फिरवाफिरवीचे जाळे

व्यापाऱ्याला हप्ता भरण्याचा एक सोपा रस्ता नेहमी खुला असतो आणि तोच त्याला बुडवतो. २४ रुपये मीटरचे कापड ६० दिवसांच्या उधारीवर उचलायचे आणि २२ रुपये रोखीने विकायचे. १०,००० मीटर विकले की २,२०,००० रुपये हातात येतात. चार-सहा हप्ते आरामात जातात. परंतु ६० दिवसांनी २,४०,००० द्यावे लागतात. जुने देणे तेवढेच राहिले आणि २०,००० चा नवा खड्डा पडला. शिवाय बाजारात बातमी फिरते की अमुक माणूस पडत्या भावात माल काढतो आहे. मग उधारी बंद होते.

मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज आणि बिनपरवाना सावकाराचा पैसा हेही याच जातीचे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. असा सावकार छळत असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. कर्जाने कर्ज फेडणे म्हणजे एका मागाचा बीम काढून दुसऱ्यावर चढवणे. सूत तेवढेच राहते, कापड काही वाढत नाही.

घरात सांगा

आम्ही पहिले आठ महिने घरात काही सांगितले नाही. परिणाम असा की बाहेर आम्ही हप्त्यासाठी धावत होतो आणि घरात नव्या फ्रीजची चर्चा चालू होती. सांगितले तेव्हा मुलांची आई एवढेच म्हणाली, "आम्हाला केव्हाच समजले होते. तुम्ही सांगण्याची वाट पाहत होतो." त्यानंतर २२,००० त घर चालवण्याचे काम तिने केले, आम्ही नव्हे. मोठ्या मुलाने कॉलेज सांभाळून संध्याकाळी दुकानात बसण्यास सुरुवात केली. घराला हिशेबात घेतल्याशिवाय कोणताही हप्ता टिकत नाही.

लिहून द्या, लिहून घ्या

सूरह अल-बकराच्या आयत २८२ मध्ये मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. आपण मात्र "आपसातले आहे, लिहायचे कशाला?" म्हणतो. दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येकाला लिहून दिले आणि प्रत्येक हप्त्याची सही घेतली. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशाच्या दाव्याला साधारणतः ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी कर्जदाराने सही करून देणे कबूल केले तर मुदत नव्याने सुरू होते. त्यामुळे लिहून देणाऱ्यावर घेणेकऱ्याचा विश्वास बसतो आणि तो कोर्टाची घाई करत नाही. कोणी म्हणेल, मुदत जाऊ दिली तर काय बिघडते? कायद्याची मुदत गेली तरी मानेवरचे ओझे जात नाही.

मात्र कोरा चेक सही करून कोणालाही देऊ नये. १ एप्रिल १९८९ पासून देण्यापोटी दिलेला चेक न वटणे हा कलम १३८ खाली गुन्हा आहे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न भरल्यास खटला होऊ शकतो, आणि शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी होऊ शकते. चेक द्यायचाच तर रक्कम व तारीख घालून, वटेल तेवढाच द्यावा.

लिखापढीची किंमत आम्हाला २०२३ मध्ये कळली. त्या वर्षी हाजी साहेबांचा इंतकाल झाला. त्यांच्या मुलांना किती आले, किती बाकी, याची माहिती नव्हती. आम्ही वही घेऊन गेलो, त्यांची वही निघाली, दोन्ही आकडे जुळले. एका शब्दाचा वाद झाला नाही. उरलेले हप्ते आम्ही त्यांच्या वारसांना दिले.

हप्ता चुकणार असेल तर

चुकणार हे कळताच, तारखेच्या आधी, स्वतः जाऊन सांगावे. फोनवर नव्हे आणि दुसऱ्याच्या तोंडून नव्हे. जेवढे असेल तेवढे सोबत न्यावे, अर्धा हप्ता असला तरी चालेल. तारखेआधी सांगितलेली अडचण ही अडचण असते, तारखेनंतर सांगितली की तो बहाणा ठरतो. साडेतीन वर्षांत आमच्यावर असा प्रसंग तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा मुदत मिळाली.

बँकेचेही तसेच आहे. ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते बुडीत वर्गात जाते, मग व्यवस्थापकाचेही हात बांधले जातात. आम्ही त्याआधी अर्ज केला म्हणून ९,००० चा हप्ता ६,००० झाला आणि मुदत वाढली. मुदत वाढली की व्याजही वाढते, हे ध्यानात ठेवावे. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना व फायनान्स कंपन्यांना बजावले आहे. कारागीर बंधूंनी हेही जाणून असावे की कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी दिवाणी कायद्याच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे, घरातील आवश्यक भांडी व अंथरुण-पांघरूण जप्त करता येत नाहीत. भीतीपोटी हत्यार विकून हप्ता भरू नका. हत्यार गेले की पुढचे सर्व हप्ते गेले.

घेणेकरी बंधूंनाही दोन शब्द

ऐपत असून टाळाटाळ करणे याला आपल्या दीनमध्ये जुलूम म्हटले आहे. त्याचबरोबर सूरह अल-बकराच्या आयत २८० मध्ये अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा हुकूम आहे, आणि माफ करणे त्याहून चांगले सांगितले आहे. जकात ज्यांना देता येते त्यांत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे, हे सूरह तौबाच्या आयत ६० मध्ये स्पष्ट आहे. आपल्या गल्लीत असा कोणी असेल तर त्याने हात पसरण्याची वाट पाहू नये.

आमचा शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला, तो मेहुण्यांचा. आता आम्ही जुम्याला आमच्याच मशिदीत जातो. हाजी साहेब पहिल्या सफमध्ये नाहीत, याचे दुःख आहे. परंतु त्यांची मुले तेथे भेटतात आणि आमची मान खाली जात नाही.

ज्या बंधूंचे हप्ते आज चालू आहेत त्यांनी आज रात्री एवढेच करावे: वही काढावी, वर्षातील सर्वात मंदीचा महिना शोधावा, आणि आपला हप्ता त्या महिन्यात बसतो का ते पाहावे. बसत नसेल तर उद्या सकाळी, तारीख चुकण्याच्या आधी, घेणेकऱ्याकडे जावे. अल्लाह सर्वांचे देणे आसानीने फेडून घेवो. आमीन.