तुझ्या पेपरबद्दल

चि. मुग्धास,


पेपर छापून येऊन दोन वर्षं होत आली, तरी कुणीही त्याचा संदर्भ दिला नाही, म्हणून तू खट्टू आहेस असं दादाने सांगितलं. तुझा पेपर मी नीट वाचला. काम प्रामाणिक आहे. तरीही तो जिथल्या तिथे का राहिला ते मला दिसतं, आणि एमडीएसच्या थिसीसचा विषय ठरवण्याआधी ते तुला सांगणं भाग आहे.

काढलेल्या दाढांमध्ये दोन कंपन्यांची फिलिंग मटेरियल्स भरून, रंगात बुडवून, दाढ कापून रंग किती आत झिरपला ते तू मोजलंस. असे शेकडो पेपर आहेत. प्रत्येकाचा रंग वेगळा, बुडवून ठेवण्याचे तास वेगळे, मोजण्याची रीत वेगळी. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याशेजारी ठेवता येत नाहीत. टेबलावरच्या दाढेत जे झिरपलं तेच रोग्याच्या तोंडात होईल, याचाही भरवसा नाही. शिवाय मटेरियलची नवी आवृत्ती बाजारात आली की जुनीची तुलना कोण वाचणार? तुझ्यानंतर या वाटेने येणाऱ्याला तुझ्याकडून उचलून नेण्यासारखं काही मिळत नाही. माझ्या मते खरं कारण एवढंच आहे.

याच्या उलट उदाहरण बघ. 1963 आणि 1964 साली लो आणि सिल्नेस या दोघांनी गरोदर बायकांच्या हिरड्यांवर दोन पेपर लिहिले. दंतवैद्यकात सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या लेखांत त्यांची गणना होते. ते धुंडाळणाऱ्या बहुतेकांना गरोदरपणाशी काही देणंघेणं नसतं. त्यांना हवी असते हिरडीची सूज आणि दातावरचा थर शून्य ते तीन अशा अंकांत मोजण्याची रीत. आरसा आणि प्रोब हाताशी असला की ती कुठल्याही गावात वापरता येते. तूही ती वापरलीस, पण मूळ पेपर उघडलास का? नसशील, तर आता उघड. मागच्या कुणाच्या यादीतून संदर्भ उतरवून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि मला ती मुळीच मान्य नाही. आपला पेपर कुणी वाचावा असं वाटत असेल, तर आधी आपण दुसऱ्याचा वाचला पाहिजे.

आता दुसरी बाजू. संदर्भ मिळाला नाही म्हणजे काम हलकं, असंही मानू नकोस. 1924 साली क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स वेगळा काढला आणि त्याला नावही दिलं. पण पुढची कित्येक वर्षं बहुतेकांचा संशय लॅक्टोबॅसिलसवर होता. क्लार्क यांचा जंतू जवळजवळ विसरला गेला. 1960 मध्ये फिट्झगेराल्ड आणि कीज यांनी हॅमस्टरमध्ये स्ट्रेप्टोकॉकसमुळे कीड लागते हे दाखवलं, त्यानंतर हळूहळू लोक क्लार्कपर्यंत परतले. आज तुमच्या पाठ्यपुस्तकात तो जंतू आहे. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांना मिळालेले संदर्भ मोजतो. एखादं फिलिंग दहा वर्षं टिकतं की नाही, हे सांगणाऱ्या विषयाला दोन वर्षांची पट्टी लावणं मला अन्यायाचंच वाटतं. आणि आपले वाचक कोण, तेही लक्षात घे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारी डॉक्टर तुझा लेख वाचेल, हाताची रीत बदलेल, पण ती पेपर लिहीत नाही. तिला झालेला उपयोग कुठल्याच आकड्यात येत नाही.

काही कारणं साधी असतात. शीर्षकात रोगाचं नाव नाही, जर्नल पबमेडमध्ये नाही, नमुना किती घ्यायचा ते कसं ठरवलं याचा उल्लेख नाही. पुढच्या पेपरात हे टाळणं, गाईडसोबत बसलीस तर, एका दुपारचं काम आहे.

विषयाचं तसं नाही, तो विचार करून निवडावा लागतो. तुझ्या ओपीडीत सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेली मुलं येतात, दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. हा रोग 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत पाहून लिहिला, आणि 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं. सत्तर वर्षांनंतरही या विषयावर लिहिणारा त्यांच्यापासूनच सुरुवात करतो, कारण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडात काय दिसलं ते त्यांनी नेमकं नोंदवलं. तोंड उघडण्याचा व्यायाम दिलेली किती मुलं तो घरी खरोखर करतात, सोडतात तर कशामुळे, सहा महिन्यांनी तोंड किती मिलिमीटर उघडतं, हे तू मोजू शकतेस. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो पाठपुरावा, फोन, आणि न येणाऱ्याच्या घरी जाण्याची तयारी. मोजण्याची रीत अशी लिही की नागपूरच्या किंवा कराचीच्या विद्यार्थ्याला तुला न विचारता ती वापरता यावी.

सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे देण्याआधी मला पाठव. आणि त्यासोबत, या रोगावरचे जे मूळ लेख तू स्वतः वाचलेस त्यांचीच यादी जोड.

तुझी,
आत्या