घरकुलाची वायरिंग : स्लॅब पडायच्या आधी मिस्त्रीशी बोला

ताईंनो, घरकुलाचं अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं आणि वायरिंगची वेळ येईपर्यंत पैसे सरत आलेले असतात. मग आपण म्हणतो, "साधीच फिटिंग करून द्या." तोही दिव्याची नि पंख्याची वायर ओढतो आणि अर्थिंग सोडून देतो. "चालते ताई, काही होत नाही."

होते! मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या आसपास जातो, घरोघरी कुलर लागतात. पत्र्याची बॉडी, आत पाण्याची मोटर, खाली ओली फरशी. पाणी भरायला जातं कोण? आपणच, नाहीतर आपली पोरगी. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं दगावतात.

अर्थिंग म्हणजे बिघडलेल्या करंटला जमिनीत जायला दिलेली सोपी वाट. ती नसेल तर करंट आपल्या अंगातून वाट काढतो. भिंतीपासून साधारण 5 फूट दूर खड्डा, त्यात सुमारे 8 फुटांचा जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, भोवती कोळसा नि मिठाचे थर, आणि तिथून हिरवी वायर थेट बोर्डापर्यंत. ही हिरवी वायर प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटला गेली पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. कुलरच्या प्लगची मोठी पिन कोणी कापून टाकली असेल, तर प्लग आजच बदला. ती अर्थिंगचीच पिन असते.

आता एमसीबी आणि आरसीसीबी. दिसायला दोन्ही सारखेच, काम मात्र वेगळं. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट सतत मोजतो. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाईन तोडतो. पैसे कमी असतील तर माझं मत विचाराल : रंगीत बटणं, फॅन्सी बोर्ड राहू द्या, आधी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. लाईन गेली म्हणजे तो चांगला आहे.

वायर आयएसआय मार्कचीच घ्या. दिव्या-पंख्याला 1.5 ची, मिक्सर-इस्त्रीच्या पॉवर सॉकेटला 2.5 ची. बटण लाल म्हणजे फेजच्या वायरवरच हवं. काळ्यावर बसवलं तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच राहतो.

पाईप आणि पंख्याचे बॉक्स स्लॅबमध्येच टाकावे लागतात. नंतर भिंती फोडायचा खर्च वेगळा. मागं न्हाणी, गोठा किंवा दुकान काढायचा विचार असेल तर तिकडचाही एक रिकामा पाईप आताच सोडून ठेवा. जुन्या बोर्डातून वायर ओढून नवी खोली चालवू नका.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. त्याचा टेस्ट रिपोर्ट महावितरणच्या नव्या मीटरला लागतो; एक प्रत आपल्या फाईलमध्ये ठेवा. 1 एचपीची घरघंटी जवळपास 750 वॅट घेते. गटाचा दळणाचा धंदा घरातून करायचा असेल तर मीटरचा अर्ज भरतानाच तसं सांगा.