तारेविना घर: आधी घरातल्या माणसांचा हिशेब



या अंकाचा पाठ घर उभारण्याविषयी आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या आपल्या तालुक्यांत कोलाम बांधवांचे अनेक पोड मुख्य गावापासून दूर, रानाच्या कडेला वसले आहेत. काही पोडांवर विजेची तार पोचलेली नाही. काही ठिकाणी ती पोचली आहे, पण पावसाळ्यात एकदा लाइन गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान जनमन अभियान सुरू झाले. देशातील ७५ आदिम जमाती त्यात आहेत. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींचा त्यात समावेश आहे. या अभियानात पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. जिथे तार नेणे शक्य नाही, तिथे ३०० वॉटच्या सौर संचासाठी घरामागे ५०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यामुळे गेली दोन-अडीच वर्षे पोडावरच्या भेटीत घराचा विषय निघतोच. आपले कार्यकर्ते, बचत गटाच्या ताई आणि गावातील शिकलेली मुले या सर्वांनी हा पाठ गटात वाचावा, म्हणून तो लिहीत आहे.

पाठाचे सार एका वाक्यात सांगते. तारेविना घराचे काम यंत्रावर चालत नाही, ते घरातल्या कोणाच्या तरी अंगावर चालते. म्हणून भिंत आणि प्लेट यांच्या आधी माणसांचे तास मोजा.

१. आधी तासांचा हिशेब

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. पोडावर हा खर्च रुपयांइतकाच तासांतही मोजावा लागतो.

झरी जामणी तालुक्यातील एका पोडावरचे घर उदाहरण म्हणून घेऊ. घरात सहा माणसे. नवरा-बायको, गुडघ्यांनी अधू झालेली सासू आणि तीन मुले. थोरली मुलगी तेरा वर्षांची. ती आश्रमशाळेत सातवीत होती, पण दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत गेलीच नाही. कापूस वेचणीला आईबाप दोघेही जात. धाकट्या भावाला सांभाळायला आणि पाणी भरायला घरात दुसरे कोणी नव्हते.

घर मंजूर झाले तेव्हा आम्ही सौर संचाबद्दल बोलत होतो. मुलीची आई ऐकत होती. मग म्हणाली, “ताई, लाइट त येईन, पाणी कोन आनीन?”

तिच्या त्या प्रश्नावरून आम्ही अंगणात बसून एका दिवसाचा हिशेब मांडला. हातपंपाच्या खेपा तीन, प्रत्येकी चाळीस मिनिटे, म्हणजे २ तास. सरपण एक दिवसाआड तीन तास, म्हणजे रोजचे दीड तास. स्वयंपाक ३ तास. लहान मूल आणि म्हातारी यांचे करणे सगळे मिळून २ तास. एकूण साडेआठ तास झाले, आणि मजुरी अजून सुरूही झालेली नव्हती. यातले साडेतीन तास, म्हणजे पाणी आणि सरपण, मुलीच्या वाट्याला आले होते.

हा हिशेब मांडला की कोणती वस्तू आधी घ्यायची ते आपोआप कळते. जी वस्तू जास्त तास वाचवते, ती पहिली. या घरात ती वस्तू पाण्याची टाकी होती. बल्ब नंतरचा.

२. पाणी: छपरावरून टाकीत

छपराच्या १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लिटर पाणी होते. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २५ × ९०० × ०.८ म्हणजे १८,००० लिटर पाणी त्या छोट्या छपरावरून वाहून जाते.

एवढे साठवणे कोणाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले तर सहा माणसांना रोज ६० लिटर लागतात. २,००० लिटरची टाकी एकदा भरली की ३३ दिवस पुरते. जून ते सप्टेंबर ती पुन्हा पुन्हा भरत राहते. म्हणजे निंदणीच्या ऐन घाईत पिण्याच्या पाण्याची खेप वाचते.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. पांढरकवडा, झरी, मारेगाव भागातील अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मानकानुसार १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि पुढे हाडे, सांधे आखडतात. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते. पावसाच्या पाण्यात हा दोष नसतो. म्हणून हातपंपाच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्यावा, आणि पावसाचे पाणी पिण्यासाठी राखून ठेवावे.

काळजी एवढी घ्यावी:
- टिन किंवा स्लॅबवरचे पाणी घ्यावे. गवताच्या आणि सिमेंट पत्र्याच्या छपराचे पाणी पिण्यासाठी नको.
- पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात धूळ आणि पाखरांची विष्ठा असते.
- टाकीच्या तोंडाला बारीक जाळी आणि घट्ट झाकण असावे. पिण्याआधी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध टाकावे.
- भरलेल्या २,००० लिटरच्या टाकीचे वजन २ टन होते. तिच्यासाठी दगडी ओटा आधी बांधावा.

३. चूल

सरपणाचे तास चुलीच्या रचनेवर ठरतात. उघड्या तीन दगडांच्या चुलीत बराच जाळ बाजूने वाया जातो. मातीची बंद चूल, तिला दोन वैल आणि छपराबाहेर जाणारे धुराडे असेल तर लाकूड कमी लागते आणि धूर डोळ्यांत, छातीत जात नाही. गॅसची शेगडी असलेल्या घरांनी ती केवळ पाहुण्यांसाठी राखून ठेवू नये. पहाटे कामावर जायच्या घाईत चहा आणि मुलांचे खाणे गॅसवर केले तर सिलिंडर पुरून उरतो आणि सकाळचा एक तास सुटतो.

४. वीज: ३०० वॉटमध्ये काय बसते

सौर संच आला की घरातले सगळे त्यावर हक्क सांगतात. वाद नको म्हणून हिशेब आधीच करून भिंतीवर लिहून ठेवावा. वॉटला तासांनी गुणले की किती वीज लागली ते कळते.

९ वॉटचे तीन बल्ब रोज ५ तास: १३५. दोन मोबाइल: सुमारे २५. कमी विजेवर चालणारा ३० वॉटचा पंखा ८ तास: २४०. एकूण ४००.

३०० वॉटची प्लेट स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ९०० ते १,००० एवढी वापरण्याजोगी वीज देते. श्रावणातल्या ढगाळ दिवशी ती ४०० पर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. म्हणजे वरचा हिशेब पावसाळ्यात जेमतेम जमतो. आता त्याच ठिकाणी बाजारातला ७५ वॉटचा साधा पंखा लावून पाहा. तो एकटाच ६०० खातो, आणि अंधाऱ्या रात्री बल्ब विझतो. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची रॉड यांचे नावही या संचाजवळ काढू नये.

पावसाळ्यात बल्ब आधी, पंखा नंतर, असा नियम असावा. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाराजवळ एक बल्ब, खाली जमिनीऐवजी बाज आणि तिला मच्छरदाणी, या तीन गोष्टींनी जीव वाचतात.

प्लेट दक्षिणेकडे तोंड करून बसवावी. आपला जिल्हा सुमारे २० अंश अक्षांशावर आहे, म्हणून प्लेटचा उतारही २० अंशांच्या जवळपास ठेवावा. तिच्यावर झाडाची सावली पडू नये. धूळ सकाळी प्लेट थंड असताना पुसावी. पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि ती चुलीपासून व मुलांच्या अंथरुणापासून दूर, हवेशीर जागी ठेवावी. तिची वीज रोज अर्ध्याच्या खाली नेली तर ती लवकर मरते.

५. भिंत आणि हंगाम

पक्के घर मिळाले म्हणून जुन्या कुडाच्या घराला हसू नये. बांबूचे तट्टे विणून त्यावर माती आणि शेण लिंपण्याची कोलामांची पद्धत मे महिन्याच्या उन्हात सिमेंट आणि टिनापेक्षा थंड राहते. नव्या घराला टिन असेल तर त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे करावे, आणि जुनी कुडाची खोली स्वयंपाकाला, म्हातारीला दुपारी टेकायला राखावी. बांबूचे काम पोडावरच होते, त्यासाठी मिस्त्री लागत नाही.

बांधकाम कधी काढायचे, हाही कुटुंबाचाच प्रश्न आहे. कापूस वेचणी संपली की हात मोकळे होतात, पण मार्चमध्ये मोह सुरू होतो आणि त्यामागून तेंदूपत्ता येतो. वर्षाचा रोख पैसा याच दिवसांत हाती येतो. त्या काळात घरचीच माणसे बांधकामाला जुंपली तर कमाई बुडते. म्हणून पाया आणि भिंती फेब्रुवारीत घ्याव्यात, मोह-तेंदूच्या दिवसांत काम थांबवावे आणि छप्पर मे अखेरीस पुरे करावे.

६. कागद आणि सांभाळ

वनजमिनीवरचे घर असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा आधी पाहावा. विवाहित जोडप्याला तो दोघांच्या नावे मिळतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही. बाईचे नाव कागदावर आहे की नाही हे प्रत्येक घरभेटीत वाचून सांगा. पट्टा असूनही तिला ते ठाऊक नसते.

सांभाळाचे काम एकाच तरुणावर सोपवू नये. तो मजुरीला बाहेरगावी गेला की संच बंद पडतो. राजस्थानातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजने जेमतेम शिकलेल्या, कधीकधी निरक्षर आजीबायांना सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवली. गाव सोडून न जाणारी व्यक्ती म्हणून त्यांनी आजी निवडली. आपल्या पोडावरही तेच लागू आहे. डिस्टिल्ड वॉटर भरणे, तारा घट्ट करणे, फ्यूज बदलणे एवढे पोडावरच्या दोन बायांना यावेच.

नव्या बॅटरीला १०,००० रुपये लागतील आणि जुनी ५ वर्षे चालेल असे धरा. महिन्याला १७० रुपये होतात. हे पैसे बचत गटात वेगळ्या खात्यावर ठेवावेत.

उदाहरणातल्या घराचे पुढे काय झाले, तेही सांगते. त्यांनी टाकी आणि पन्हळ आधी बसवली, मग चूल, मग संच. पंखा अजून घेतलेला नाही. मुलीच्या आईने दोन शेजारणींशी बोलून वेचणीच्या दिवसांत मुले पाळीने सांभाळायचे ठरवले. हिवाळ्यानंतर टाकी कोरडी पडते, तेव्हा बाप सायकलला कॅन बांधून पहाटे दोन खेपा करतो. सुरुवातीला पोडावरचे लोक हसले. जूनमध्ये मुलगी आश्रमशाळेत पुन्हा सातवीत बसली. एक वर्ष गेले ते गेले, पण हजेरीपटावर नाव परत आले आहे.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरात पाणी, सरपण, स्वयंपाक आणि माणसांचे करणे यांना रोज किती तास लागतात? ते कोणाच्या वाट्याला येतात?

२. आपल्या हातपंपाचे पाणी शेवटचे कधी तपासले? निकाल काय आला?

३. घरातील प्रत्येक विजेच्या वस्तूवर किती वॉट लिहिले आहे ते वाचा आणि बेरीज करा.

४. संच बंद पडला तर पोडावर तो पाहणाऱ्या दोन बाया कोण?

५. घरातील कोणते मूल कामासाठी शाळेतून राहिले आहे? त्याचे काम उद्यापासून कोण उचलेल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर नाव घेऊन द्यावे. उत्तर मिळेपर्यंत पाठ संपला असे समजू नये.