जांभळे भूआच्छादन

बागेतील उतार किंवा वाटेची कडा उघडी राहिली, की पावसाच्या माऱ्याने तेथील माती वाहून जाते व तण माजते. जमिनीलगत पसरून तिला झाकणाऱ्या वनस्पतींना भूआच्छादक वनस्पती म्हणतात. जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कॅन्शिया पॅलिडा ही त्यांपैकीच एक होय.

ही वनस्पती मूळची मेक्सिकोची. शेतात तण म्हणून उगवणारा परिचित केना हा तिच्याच कुलातील. दोघांच्याही खोडाच्या पेरांना मुळे फुटतात. ट्रॅडेस्कॅन्शियाची फुले लहान, गुलाबी व तीन पाकळ्यांची असतात. परंतु तिची खरी शोभा पानांत आहे. पानांत हरितद्रव्य असतेच; मात्र अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे ते झाकले जाते. भरपूर ऊन मिळाल्यास जांभळा रंग गडद होतो, तर दाट सावलीत पाने हिरवट दिसू लागतात. म्हणून लागवडीसाठी उन्हाची जागा निवडावी.

पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. निरोगी खोडाचे तीन-चार पेरे असलेले तुकडे घेऊन खालची पाने काढावीत व एक-दोन पेरे मातीत जातील असे ते लावावेत. दोन तुकड्यांत सुमारे ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. मुळे धरेपर्यंत माती ओलसर असावी. पुढे बेताचेच पाणी पुरते. पाणी साचल्यास मुळे कुजतात. शेंडे खुडल्याने फुटवे वाढतात व आच्छादन दाट होते. खोड ठिसूळ असल्याने त्यावरून चालू नये. रसामुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते. म्हणून छाटणी करताना हातमोजे वापरावेत.

तुटलेल्या तुकड्यातून नवे रोप उभे राहणे हा या वनस्पतीचा मोठा गुण. परंतु तोच घातकही ठरू शकतो. दक्षिण अमेरिकेतून न्यूझीलंडमध्ये नेलेली तिची एक भगिनी-जाती, ट्रॅडेस्कॅन्शिया फ्लुमिनेन्सिस, बागांबाहेर पसरली. तिच्या दाट थराखाली तेथील जंगलात स्थानिक वृक्षांची रोपे वाढेनाशी झाली. म्हणून वाफ्याला पक्की कड असावी आणि छाटलेले तुकडे ओढ्याकाठी वा रानात टाकू नयेत. ते उन्हात पूर्ण वाळवूनच खतात मिसळावेत. रोप लावणाऱ्याची जबाबदारी कुंपणापाशी संपत नाही.

स्वाध्याय
१. सावलीत या वनस्पतीच्या पानांचा रंग का बदलतो?
२. 'एकच गुण उपकारक व घातकही ठरतो', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.