काडाचें आकाश

शेतांतील धान्य झोडून घरीं आणलें म्हणजे मागें काय राहतें? काड. आपल्याकडे तें गुरांच्या पुढें पडतें, किंवा कोणाच्या तरी छपरावर जातें. फिनलंड देशांत मात्र ह्याच काडाचें एक आकाश करून तें नाताळच्या दिवशीं जेवणाच्या मेजावर टांगण्याची जुनी चाल आहे. ह्या वस्तूला तेथें 'हिमेली' म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेंतून आलेला असून त्याच्या मुळाशीं असलेल्या शब्दाचा अर्थ 'आकाश' असाच होतो. इतक्या हलक्या वस्तूशीं त्या राष्ट्राचें अरण्य, त्याचें दारिद्र्य, त्याची शाळा आणि त्याचा सण हीं सारीं कशीं निगडित झालीं आहेत, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. पश्चिमेस स्वीडन, पूर्वेस रशिया. तो कित्येक शतकें स्वीडनच्या राज्यांत होता, १८०९ सालीं रशियाच्या झारच्या अमलाखालीं गेला आणि ६ डिसेंबर १९१७ रोजीं स्वतंत्र झाला. पाण्यासह मोजल्यास त्याचें क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राहून थोडें अधिक भरतें. लोकवस्ती मात्र सुमारें ५६ लाख. भूमीचा जवळ जवळ तीन चतुर्थांश भाग अरण्यानें व्यापिला आहे आणि लहानमोठीं सरोवरें मोजलीं तर तीं १,८८,००० भरतात. डिसेंबरच्या अखेरीस हेलसिंकी ह्या राजधानीच्या शहरीं दिवस सहा तासांहूनहि लहान असतो. अगदीं उत्तरेकडील उत्सयोकी येथें तर सुमारें पन्नास दिवस सूर्य उगवतच नाहीं. ह्याचें कारण भूगोलाच्या तासाला आपण शिकलांच आहां.

आतां कल्पना करा. शेत बर्फाखालीं, सरोवर गोठलेलें, बाहेर अंधार, आणि घरांत एकच मोठी खोली व तींतली भट्टी. अशा वेळीं हात स्वस्थ ठेवणें त्या शेतकऱ्याला परवडण्याजोगें नव्हतें. दाताळें, चमचे, पाट्या, बर्फावरच्या घसरगाड्या, सूत, कापड हें सर्व हिवाळ्यांत त्या एका खोलींत तयार होई. कमरेला लटकणारा 'पुक्को' नांवाचा आखूड पात्याचा चाकू हें पुरुषाचें मुख्य हत्यार. स्त्रिया लोकरीचे गोंडे गांठून 'रुइयू' नांवाचें जाड पांघरूण विणीत; आज तें भिंतीवर शोभेसाठीं टांगतात, पण मूळचा त्याचा उपयोग थंडींत अंगावर घेण्याचा. आपण ज्याला हस्तकला म्हणून प्रदर्शनांत मांडतों, ती तेथें प्रथम गरज होती, हें विसरतां कामा नये.

ह्या सर्व साहित्यांत मला विशेष नवल वाटतें तें भूर्जाचें. आपल्या पूर्वजांनीं हिमालयांतील भूर्जपत्रांवर ग्रंथ लिहिले. फिनलंडांतील बर्च हा त्याच कुळांतला वृक्ष. तेथील खेडुतांनीं त्याची साल पायांत घातली! जून महिन्याच्या सुमारास झाडांत रस भरला म्हणजे वरची साल अलगद सुटते. आंतील सालीस धक्का न लावतां ती काढतां आली तर झाड जगतें. सुरी खोल गेली तर त्याची हानि होते. मग त्या सालीच्या लांब पट्ट्या कापून, आपल्याकडे बुरूड बांबूच्या कांबट्या विणतात तशा त्या एकमेकींत गुंफून, तिचे जोडे, मिठाचे डबे व पाठीवर घेण्याच्या पेट्या करीत. ही साल पाण्यानें कुजत नाहीं. म्हणून छपरावरच्या मातीखालींहि ती अंथरीत.

परंतु अरण्य नेहमींच सणाचें साहित्य पुरवीत होतें असें नव्हे. १८६६ पासून १८६८ पर्यंत पिकें बुडून त्या देशांत मोठा दुष्काळ पडला आणि एक लाखाहून अधिक माणसें उपासमारीनें व रोगराईनें मेलीं. पिठाची तूट आली म्हणजे पाइन वृक्षाची आंतली साल वाळवून, दळून ती भाकरींत मिसळीत. ज्या झाडांनीं घर दिलें, त्यांचीच साल खाण्याची पाळी आली.

आणि ह्याच दुष्काळाच्या आरंभीं, १८६६ सालीं, तेथें लोकशाळांचा कायदा झाला. त्याचा प्रणेता उनो सिग्नेयस (१८१०–१८८८) हा एक धर्मोपदेशक होता. तारुण्यांत अलास्कांतील सिटका येथें त्यानें कांहीं वर्षें काढलीं होतीं. पुढें पेस्टालोझी व फ्रोबेल ह्यांचे विचार त्यानें अभ्यासिले, आणि १८६३ सालीं युवास्क्युला येथें शिक्षकांची शाळा सुरू झाली ती त्याच्याच देखरेखीखालीं. खेड्यांतील शाळांतून मुलांना हस्तव्यवसाय सक्तीचा करावा, हें त्यानें पदरांत पाडून घेतलें. राष्ट्राच्या शिक्षणक्रमांत ह्या विषयाला असें स्थान मिळाल्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण मानतात.

येथें पालकवर्गाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'आमच्या मुलाला सुतार करावयाचें नाहीं, मग त्याला रंधा कशाला?' हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत असतो. सिग्नेयसलाहि मुलांना सुतार करावयाचें नव्हतें. डोळ्याला आकार कळावा, हाताला नेमकेपणा यावा, आणि आपली चूक आपल्याच समोर लांकडांत उमटलेली दिसावी, हा त्याचा हेतु. वहींतली चूक शिक्षकाने दाखवावी लागते. वांकडा बसलेला सांधा आपण होऊनच बोलतो. स्वीडनच्या ऑटो सॉलोमननें १८७७ सालीं सिग्नेयसची भेट घेतली व त्यानंतर 'स्लॉइड' ह्या नांवानें ही शिक्षणपद्धति अनेक देशांत गेली. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींनीं उद्योगाभोवतीं शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. परंतु तींत मुलांच्या कामांतून शाळेचा खर्च भागावा ही अपेक्षा होती, सिग्नेयसची तशी नव्हती. ह्या बाबतींत सिग्नेयसचेंच म्हणणें मला अधिक पटतें. फिनलंडांत हा विषय आजहि सक्तीचा आहे. २०१६ पासून अमलांत आलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणें मुलगे व मुली दोघांनाहि शिवणकाम आणि लांकूडकाम दोन्ही शिकावीं लागतात.

आतां हिमेलीकडे वळूं. ती करावयाची ती राय नांवाच्या धान्याच्या काडाची. (आपली राई म्हणजे मोहरी, ही राय निराळी, गव्हासारखी.) तिचें काड लांब, सरळ व आंतून पोकळ. यंत्रानें मळलेलें काड चिरडतें. म्हणून तें विळ्यानें हातीं कापावें लागतें. मग तें वाळवून, पेरें वगळून, मधले तुकडे सारख्या लांबीचे करतात आणि पाण्यांत भिजवून मऊ झाल्यावर त्यांतून सुईनें दोरा ओवतात. मूळ घटक बारा काड्यांचा. त्याला सहा टोकें व आठ त्रिकोणी बाजू असतात. दोन चौरस-मनोरे तळाशीं तळ लावून जोडावेत, तसा तो दिसतो. असे मोठे व लहान घटक एकमेकांत व एकमेकांखालीं टांगले कीं हिमेली झाली. ती एकाच दोऱ्यावर लोंबते. खालच्या मेणबत्तीची ऊब वर गेली तरी ती हळू हळू फिरूं लागते.

ज्यांना गणित आवडतें त्यांनीं ह्या बारा काड्यांकडे जरा लक्षपूर्वक पाहावें. प्रत्येक टोकाशीं चार काड्या मिळतात. चार ही समसंख्या. म्हणून दोरा न तोडतां, कोणत्याहि काडींतून दुसऱ्यांदा न नेतां, बाराहि काड्यांतून फिरवून आरंभींच्या टोकाला परत आणतां येतो. मात्र वाटेंत जेथें दोरा पूर्वीच्या टोकाशीं येतो तेथें गांठ मारावी. चौकोनी पेटीच्याहि बाजू बाराच. पण तिच्या प्रत्येक कोपऱ्याशीं तीन काड्या येतात, आणि तेथें हा खेळ साधत नाहीं. हा नियम ऑयलर ह्या थोर गणितज्ञानें सांगितला. त्याच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें फिनलंडच्या शेजारीं, सेंट पीटर्झबर्ग येथें गेलीं. शिवाय पेटी एका बाजूस कलते आणि त्रिकोणांची आकृति ताठ राहते. प्रस्तुत लेखकानें गव्हाच्या काडाची अशी एक आकृति करून पाहिली. पहिल्या दोन खेपांस काड्या उभ्या चिरल्या. भिजवण्यास कंटाळा केला होता. तिसऱ्या खेपेस ती साधली.

हिमेली जितकी मोठी, तितकें पुढील वर्षीं रायेचें पीक चांगलें, अशी जुन्या लोकांची श्रद्धा. दुष्काळ पाहिलेल्या लोकांनीं काडाला एवढें महत्त्व द्यावें, ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पूर्वीं नाताळच्या रात्रीं घरांतल्या जमिनीवरहि काड अंथरीत आणि मुलें त्यावर खेळत व झोंपत.

फिनलंडांतील मुख्य सण २४ डिसेंबरचा. त्या दिवशीं ठीक दुपारीं बारा वाजतां तुर्कू ह्या जुन्या शहरांत 'नाताळची शांति' जाहीर करितात. चौकांतील एका वाड्याच्या सज्जांतून फिनिश व स्वीडिश भाषांत लेख वाचतात. सणांत कोणी दंगाधोपा करूं नये, केल्यास कडक शासन होईल, असा त्याचा आशय. ही चाल मध्ययुगापासूनची आहे असें सांगतात, आणि १९३५ पासून आकाशवाणीवरून ती घरोघरीं ऐकूं येऊं लागली. दुपारीं सर्व कुटुंब 'साउना' नांवाच्या लांकडी स्नानगृहांत जातें. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफेनें स्नान करावयाचें, आणि तेथें देवळांत असावें तसें शांतपणें बसावयाचें. मग जेवण. भाजलेली डुकराची तंगडी, सुरणासारख्या व गाजरासारख्या कंदांचे भट्टींत शिजवलेले पदार्थ, आणि तांदळाची खीर. तांदूळ हा त्यांच्या देशांत पिकत नाहीं. जो भात आपण रोज खातों तो त्यांच्या आजोबांच्या काळीं सणाचा पदार्थ होता! खिरींत एकच बदाम लपवितात. ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान.

जेवणापूर्वीं किंवा नंतर दारावर टकटक होते आणि 'येथें चांगलीं मुलें आहेत काय?' असें विचारीत 'यौलुपुक्की' आंत येतो. हाच तेथील नाताळबाबा. पण नांवाचा अर्थ 'नाताळचा बोकड'! पूर्वीं नाताळानंतर तेरा जानेवारीच्या सुमारास शिंगें लावलेले, लोकरीचा कोट उलटा घातलेले पुरुष घरोघर हिंडून उरलेलें अन्नपेय मागत. भीति घालणारा हा बोकड कालांतरानें भेटी देणारा आजोबा झाला. काडाचा लहान बोकड मात्र अजून झाडाखालीं उभा असतो.

१९३९ सालच्या नाताळांत तुर्कूच्या सज्जांतून कोणी कांहीं वाचलें नाहीं. ३० नोव्हेंबरला सोव्हिएत रशियानें स्वारी केली होती आणि विमानहल्ल्याच्या भीतीनें चौकांत लोक जमविणें धोक्याचें होतें. १९४५ पर्यंतच्या युद्धांत त्या लहान राष्ट्राचे ९०,००० हून अधिक सैनिक पडले आणि कारेलिया प्रांत गमावल्यामुळें चार लाखांवर माणसें घरें सोडून आलीं. पडलेल्या सैनिकाचें शव शक्य तों त्याच्या स्वतःच्या गांवीं आणून चर्चच्या आवारांत पुरीत. म्हणून आज २४ तारखेच्या संध्याकाळीं गांवोगांवच्या दफनभूमींत लोक मेणबत्त्या घेऊन जातात. बर्फांत लहान खळगा करून ज्योत ठेवतात. आधीं आपल्या घरच्यांच्या कबरीवर, मग सैनिकांच्या रांगेंत.

पांखरांसाठींहि त्या दिवशीं ओटची एक पेंढी अंगणांत उंच खांबाला बांधतात. कवि टोपेलियस ह्यानें आपला लहान मुलगा वारल्यानंतर, १८५९ सालीं, नाताळच्या सकाळीं दाणा टिपणाऱ्या चिमणीवर एक कविता लिहिली. तींत मुलगी चिमणीला दाणे देते, आणि ती चिमणी म्हणजे तिचा गेलेला भाऊ असतो. पुढें तिला चाल लागली, आणि आजहि ती घरोघर गाइली जाते.

नाताळ संपला म्हणून हिमेली उतरवीत नसत. काडांवर धूळ बसे, एखादा दोरा तुटे, तरी ती मेजावर फिरत राही. जूनमध्यें 'युहान्नुस' हा उन्हाळ्याचा सण आला, रात्रीं उजेड मावळेनासा झाला, म्हणजे ती खालीं घेत. त्याच दिवसांत भूर्जाची साल सुटूं लागे आणि माणसें चाकू घेऊन अरण्यांत जात.