ढगाआडचे ऊन आणि आपली त्वचा

उन्हाने अंग तापते आणि उन्हाने त्वचा भाजते, ह्या दोन्ही क्रिया एकाच किरणांनी घडतात अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी. हे किरण योहान रिटर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली शोधून काढले. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला उष्णही लागत नाहीत. म्हणूनच गार वारा सुटला किंवा आभाळ आले, की मनुष्य निर्धास्त होतो व फसतो.

ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या आळंदीचेच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. त्या सुमारास आभाळ बहुधा भरलेले असते. परंतु आळंदीचे अक्षांश सुमारे १८ अंश ४० कला उत्तर असल्यामुळे मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो तेथून पाच अंशांहून अधिक ढळत नाही. पंढरीची वाट ह्याच दिवसांत चालावयाची असते. विरळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली उतरतो. दिवे घाट चढणाऱ्या वारकऱ्यास वारा सुखद वाटत असला, तरी त्याची मान व कान भाजत असतात. लाली लागलीच दिसत नाही. ती काही तासांनी उमटते आणि एका दिवसाच्या आत पूर्ण भरास येते. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काही अंशी रक्षण करते. पण ते पुरेसे कवच नव्हे.

आता ज्या गोष्टीकडे घरोघरी दुर्लक्ष होते ती पाहू. काही औषधांमुळे त्वचा उन्हास फार लवकर बाधते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत असणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड, जंतुसंसर्गावरील डॉक्सिसायक्लिन, हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे ॲमिओडेरोन, मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन आणि दुखऱ्या सांध्यांस चोळण्याचे केटोप्रोफेनचे मलम ही अशांपैकी होत. कोडावर परंपरेने वापरली जाणारी बावची हीही त्यांतलीच. तिच्यातील सोरालेन हे द्रव्य त्वचेस ऊन अधिक लावते. लिंबाचा रस हातावर राहून ऊन लागल्यासही काळे डाग किंवा फोड येऊ शकतात.

अशा औषधांच्या बाबतीत अपाय बहुधा अतिनील किरणांपैकी ‘ए’ ह्या प्रकाराने होतो. हा प्रकार खिडकीच्या काचेतूनही आत येतो. सबब गाडीत बसलेल्या आजोबांनीही बाहीचा सदरा घालणे इष्ट. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: उन्हाच्या भीतीने रक्तदाबाची वा हृदयाची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. तसे करणे भाजण्याहून अधिक घातक ठरेल. डॉक्टरांस विचारावे व त्वचा झाकावी.

सनस्क्रीन निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एस.पी.एफ. हा आकडा मुख्यत्वे ‘बी’ किरणांनी होणाऱ्या भाजण्यापासूनचे रक्षण दाखवतो. ३० आकड्याचे मलम नीट लावल्यास असे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० चे असल्यास सुमारे ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्याने लाभ थोडाच वाढतो. म्हणून ३० किंवा अधिक आकडा पाहावा, आणि ‘ए’ किरणांपासूनही रक्षण होते असे वेष्टनावर लिहिले आहे की नाही, हेही पाहावे. औषध घेणाऱ्यास ही दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. मलम पातळ फासून उपयोग नाही. प्रौढ माणसाच्या सर्वांगास सुमारे ३० मिलिलिटर लागते. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ते लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर, पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बालकास मलमापेक्षा सावलीतच ठेवावे.

परंतु पैसा न लागणारे उपाय ह्याहून श्रेष्ठ आहेत. छत्री, पदर, उपरणे, लांब बाह्यांचे दाट विणीचे कापड ह्यांची सर कोणत्याही मलमास नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली, की ऊन प्रखर झाले असे समजावे व सावली गाठावी.

तरीही अंग भाजलेच, तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात व भरपूर पाणी प्यावे. बर्फ लावू नये, तूप चोपडू नये, फोड फोडू नयेत. मोठे फोड, ताप, ओकारी किंवा भोवळ असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

विद्यार्थिमित्रहो, घरातील कोणी वारीस निघणार असेल किंवा चाकणच्या कारखान्याच्या उघड्या आवारात दिवसभर काम करीत असेल, तर आज त्यांच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून काढा व औषधविक्रेत्यास अथवा डॉक्टरांस एवढेच विचारा, की ‘ह्यांपैकी कोणत्या औषधाने ऊन बाधते?’ शिकलेल्या अक्षरांचा ह्याहून चांगला उपयोग क्वचितच होईल.